पायरी आमची, खुर्ची कुणाची?

१९२७ साली इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबांच्या पाठीराख्यांनी आपली देशभरची संघटना बांधली आणि तिचं ब्रीद ठरवलं : मदत करायची, अडथळा करायचा नाही. हे ब्रीद कुणा मालकानं छाताडावर बसून लिहून घेतलेलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच लिहिलं.

आता मदत म्हंजे काय? तर पैसा. पाठीराखे सोडतीची तिकिटं विकायचे, नाचगाण्याचे जलसे करायचे, पेनीला पेनी जोडायचे. साठलेल्या पैशातून उघड्या पायऱ्यांवर छप्पर घालायचे आणि ते छप्पर क्लबाला देऊन टाकायचे. मग पुढच्या शनिवारी त्याच छपराखाली उभं राहायला तिकीट काढायचे. संचालक मंडळाच्या खोलीत त्यांना जागा नव्हती. आणि अडथळा म्हंजे काय, तर त्या खोलीत जागा मागणं.

दोस्तहो, फुटबॉल आपला विषय न्हाई म्हणून पान उलटू नका. एकदा कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर जाऊन उभे राहा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ. टीम पेठेची, तालमीची. तिथं पाठीराखा कुठं संपतो आन् क्लब कुठं सुरू होतो याची रेघ मारून दाखवा. इंग्लंडातही सुरुवात अशीच झालेली. तिथं रेघ नंतर मारली गेली, आणि ती कशी मारली गेली हाच या लेखाचा विषय.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. ब्लॅकबर्न हे नाव मला आधी कापडामुळं ठाऊक झालं, फुटबॉलमुळं नंतर. लँकेशायरचं ते गिरणगाव. आपल्या मुलखाचा कापूस बोटीनं तिकडं जायचा आणि कापड होऊन इकडं विकायला यायचा. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानं तिथल्या बायका-पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबलं. बायका-पोरं घरी गेल्यावर साचे कोण चालवणार? हळूहळू पुरुषांनाही अर्धी सुट्टी मिळाली. दोनला भोंगा, तीनला मॅच. शनिवारी दुपारी तीन ही फुटबॉलची वेळ त्या भोंग्यानं ठरवलेली आहे.

३१ मार्च १८८३ ला लंडनमध्ये एफ. ए. कपची फायनल झाली. एका बाजूला ओल्ड इटोनियन्स, म्हंजे इटन नावाच्या सरदार-जमीनदारांच्या पोरांच्या शाळेतून बाहेर पडलेले साहेब. दुसऱ्या बाजूला ब्लॅकबर्न ऑलिंपिक. त्यांच्यात विणकर होते, ओतशाळेतला होता, प्लंबर होता. जादा वेळात जिंकून देणारा गोल मारला जिमी कॉस्टलीनं. हा सूत कातणारा. ऑलिंपिक २, इटोनियन्स १. त्यानंतर तो कप साहेबांच्या शाळेकडं पुन्हा कधी गेला नाही. हे वाचलं त्या दिवशी पाळीवर मी साच्यापुढं जरा ताठच उभा होतो.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. ऑलिंपिकच्या मागं पैसा होता तो सिडनी येट्स या ओतशाळेच्या मालकाचा. १८८९ साली, कप जिंकून सहा वर्षांतच, क्लब बंद पडला. पाय मजुराचे, पेटी मालकाची.

बाकीच्या क्लबांच्या जन्माच्या कथाही कारखान्यातल्याच आहेत. न्यूटन हीथ हा रेल्वेच्या डबे कारखान्यातल्या कामगारांनी १८७८ साली काढला. आर्सेनल १८८६ साली वूलिचच्या दारूगोळा कारखान्यात निघाला. वेस्ट हॅमची मुळी टेम्स नदीकाठच्या जहाज बांधणाऱ्या कारखान्यात, १८९५ साली. मग मैदान भाड्यानं घ्यायला, कुंपण घालायला, खेळाडूंना पगार द्यायला भांडवल लागलं आणि क्लबांच्या लिमिटेड कंपन्या झाल्या. कंपनी म्हटली की शेअर आले, शेअर म्हटले की ज्याच्याकडं जास्त त्याची खुर्ची. न्यूटन हीथवर १९०२ साली २,६७० पौंडांचं कर्ज होतं. एक दारूभट्टीवाला पुढं आला, त्यानं क्लब वाचवला आणि नाव पडलं मँचेस्टर युनायटेड. रेल्वेवाले कामगार पायऱ्यांवर गेले ते गेलेच.

न्याय करायचा तर हेही सांगितलं पाहिजे की त्या काळचे संचालक क्लबातून पैसा उपसत नव्हते. फुटबॉल असोसिएशनचा नियमच होता : संचालकानं पगार घ्यायचा नाही, डिव्हिडंडला मर्यादा. त्यांना पाहिजे होता मान, पुढची सीट, गावात नाव. खेळाडूच्या पगारावर मात्र त्यांचा कडक डोळा. १९०१ पासून आठवड्याला जास्तीत जास्त ४ पौंड, आणि ही कमाल मजुरी १९६१ साली खेळाडूंच्या युनियननं मोडली तेव्हा २० पौंडांवर होती. म्हंजे खेळाडूला युनियन होती, मालकाला लीग होती. पायरीवरच्या माणसाला होतं ते फक्त ब्रीद.

खुर्ची नसण्यानं बिघडतं काय, असं विचारणारे लोक असतात. त्यांना मी ब्रॅडफर्ड सांगतो.

ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथल्या मैदानावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा एक लाकडी स्टँड होता. फळ्यांमध्ये फटी. त्या फटींतून वर्षानुवर्षं कागद, पुडे, कचरा खाली पडत राहिला. १९८४ साली काउंटी कौन्सिलनं क्लबाला पत्र लिहून कळवलं की हा कचरा पेट घेईल. ११ मे १९८५ ला, मोसमाच्या शेवटच्या मॅचला, तो पेटला. पाच मिनिटांच्या आत सगळा स्टँड जळत होता. पाठीमागचे दरवाजे मॅच चालू असताना बंद. मागं पळालेले तिथंच सापडले. ५६ माणसं गेली. नंतर खाली पाहिलं तर १९६८ सालचं वर्तमानपत्र निघालं. शेंगदाण्याचा एक पुडा निघाला, त्यावर १९७१ च्या आधीच्या जुन्या नाण्यांतली किंमत.

सूतगिरणीतल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. साच्याखाली रुई साठली की काय होतं ते आम्हाला ठाऊक आहे, आणि कुठल्या साच्याखाली साठलीय तेही ठाऊक असतं. ऑफिसात बसणाऱ्याला ते कागदावरनं कळतं, कळलं तर. ब्रॅडफर्डच्या त्या फळ्यांवर बसणारा माणूस सतरा वर्षं फटीतून खाली कचरा बघत होता. कौन्सिलचं पत्र ज्या खोलीत पोचलं त्या खोलीत तो नव्हता. तो असता तर आग लागलीच नसती असं मी म्हणणार नाही. पण एकानं तरी ते पत्र आपल्या बुडाखालच्या फळीशी जोडून वाचलं असतं.

ब्रॅडफर्डला पुढं मैदानावर उतरायला कुंपण आड आलं नाही म्हणून हजारो वाचले. चार वर्षांनी, १५ एप्रिल १९८९ ला, शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर पुढं जाळी होती. ९७ माणसं चेंगरून मेली. त्याच मैदानाच्या त्याच टोकाला १९८१ साली चेंगराचेंगरी होऊन ३८ जण जखमी झाले होते. तेव्हाच उमगायला हवं होतं. उलट ८९ च्या नंतर दोष मेलेल्यांवरच ढकलला गेला, आणि पाठीराख्यांची काहीच चूक नव्हती हे ज्यूरीच्या तोंडून ऐकायला नातेवाईकांना २०१६ साल उजाडलं.

तर या दोन मढ्यांच्या ढिगांनंतर इंग्लंडातल्या पाठीराख्यानं ते जुनं ब्रीद खाली ठेवायला सुरुवात केली. नॉर्दॅम्प्टन टाउन हा लहान क्लब कर्जात बुडाला होता, हिशोब कुणी दाखवत नव्हतं. जानेवारी १९९२ मध्ये गावातल्या लोकांनी सभा घेतली आणि ट्रस्ट काढला. पैसा जमवायचा हे जुनंच. नवीन एवढंच की तो पैसा असाच द्यायचा नाही. शेअर घ्यायचे, आणि मंडळावर आपला माणूस, आपण निवडलेला. ब्रायन लोमॅक्स हा त्यांचा निवडून गेलेला संचालक. पुढं २००० साली सरकारच्या मदतीनं देशभर असे ट्रस्ट उभे करायला सपोर्टर्स डायरेक्ट नावाची संस्था निघाली, तिच्या कामाचा भार यानंच उचलला.

यातून निघालेला सगळ्यांत गाजलेला क्लब म्हंजे वेल्समधला स्वान्सी सिटी. खुर्ची मिळूनही काय होतं ते याच्याकडून शिकायचं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२००१ साली हा क्लब एक पौंडाला विकला गेला. पुन्हा एक पौंडाला विकला गेला. नवीन मालक टोनी पेटी यानं आल्या आल्या सात खेळाडूंना काढायचं आणि आठ जणांचे पगार कापायचं काढलं. गाव पेटलं. पाठीराख्यांनी ट्रस्ट काढला, डबे फिरवले, गावातले काही व्यापारी सोबत घेतले आणि जानेवारी २००२ मध्ये पेटीला घालवला. ट्रस्टला जवळपास पाचवा हिस्सा मिळाला आणि मंडळावर निवडलेला संचालक. २००३ च्या मे महिन्यात मोसमाच्या शेवटच्या दिवशी हल सिटीला ४-२ हरवलं म्हणून क्लब लीगमध्ये राहिला, नाहीतर बाहेरच फेकला जात होता. तिथनं आठ वर्षांत, २०११ साली, हा क्लब प्रीमियर लीगमध्ये. वेल्सचा पहिला. २०१३ ला लीग कप. मंडळावर पाठीराखा बसला की धंदा बुडतो म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

आणि मग २०१६. व्यापारी भागीदारांनी आपले शेअर अमेरिकन पैसेवाल्यांना विकले. ६८ टक्के गेले. वाटाघाटी चालू होत्या तेव्हा ट्रस्टला त्यात घेतलंच नव्हतं. त्यांचा माणूस त्याच टेबलावर बसत होता, चहा पीत होता, कागद चाळत होता. क्लब विकला जातोय हे मात्र त्याला त्या टेबलावर कळलं नाही. भागीदारांमधला करार मोडला असं ट्रस्टचं म्हणणं, विकणाऱ्यांना ते मान्य नाही. वर्षानुवर्षं वकील झाले आणि २०२२ साली कोर्टाबाहेर तडजोड झाली. क्लब तोवर प्रीमियर लीगमधनं खाली आलेला होता.

इथं एक आकडा ध्यानात ठेवा. ट्रस्टकडं २१ टक्के होते. इंग्लंडच्या कंपनी कायद्यात मोठा ठराव अडवायला पंचवीसच्या वर लागतात. चार टक्के कमी पडले. खुर्चीला चौथा पाय नव्हता म्हणा. शिवाय शेअर विकायला तर ठरावही लागत नाही, ज्याचा त्यानं विकला. तिथं उपयोगी पडतो करार, आणि तो कोर्टात टिकेल असा लागतो.

मालक लोक खुर्चीविरुद्ध जो मुद्दा काढतात तो हलका नाही, त्याचा विचार केला पाहिजे. ते म्हणतात, संचालक झाला की कायद्यानं तो कंपनीचा माणूस, त्यानं कंपनीचं हित बघायचं, निवडून देणाऱ्यांचं नव्हे. खोलीतली गोष्ट बाहेर सांगायची नाही. म्हंजे पाठीराख्यांचा प्रतिनिधी आत गेला की त्याच्या तोंडाला कुलूप. तिकिटाचा दर वाढणार हे त्याला आज कळलं, तरी पायरीवर येऊन सांगता येत नाही. वाढल्यावर लोक म्हणणार, तू तिथं होतास, काय केलंस? हे खरंच घडतं. मालकाला तर असा एक माणूस पाहिजेच असतो, ज्याच्याकडं बोट दाखवून म्हणता येतं की तुमचाच माणूस होता की सभेला.

पण या मुद्द्याचा निष्कर्ष ते काढतात तो न्हाई. कुलपाचं उत्तर खुर्ची काढून घेणं नव्हे. निवडणूक पाठीराख्यांची, मुदत ठरलेली, परत बोलवायचा हक्क, आणि काही गोष्टींवर सरळ नकाराचा हक्क : मैदान विकणं, नाव बदलणं, रंग बदलणं, क्लब दुसऱ्या गावाला नेणं. एवढं असेल तर त्याला बोलावं लागणारच नाही, हात वर केला की पुरे. प्रतिनिधी कुणाच्या मतानं निवडायचा या प्रश्नाचं १९३२ साली पुण्यात काय झालं ते आपल्या वाचकाला मी नव्यानं सांगायला नको. २०२१ साली चेल्सीनं तीन पाठीराखे मंडळाच्या सभेत बसवायचं ठरवलं. बसायचं, बोलायचं, मत नाही. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

जर्मनीत प्रश्न उलट्या बाजूनं सुटलेला. तिथं क्लब म्हंजे सभासदांची संस्था, एक सभासद एक मत. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्यासारखं समजा. (आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत काय चालतं ते आठवून जास्त भाळूही नका.) १९९८ साली क्लबांना कंपनी काढायची मुभा मिळाली, पण अट अशी की मतांतली निम्मी अधिक एक मूळ संस्थेकडंच राहिली पाहिजेत. बायर्न म्युनिकमध्ये ७५ टक्के सभासदांच्या संस्थेचे, उरलेले तीन मोठ्या कंपन्यांत वाटलेले. पळवाटा तिथंही आहेत. २००९ साली लायपझिगमध्ये एका पेयाच्या कंपनीनं क्लब काढला आणि मत देणारे सभासद इतके मोजके ठेवले की एका जीपगाडीत नाही तरी दोनात मावतील.

डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन लीगनं आपल्या टीव्ही हक्कांच्या कमाईतला ८ टक्के वाटा वीस वर्षांसाठी गुंतवणूकदाराला द्यायचं मतदानाला टाकलं. ३६ क्लब. दोन तृतीयांश लागणार होते, म्हंजे २४. मतं पडली बरोबर २४. हानोवर क्लबाच्या मूळ संस्थेनं आपल्या प्रतिनिधीला सांगून ठेवलं होतं की विरोधात मत दे. मतदान गुप्त. त्याचं मत कुठं पडलं ते कळायची सोय नाही. सगळ्या देशातले पाठीराखे मैदानात टेनिसचे चेंडू फेकायला लागले, मॅचेस थांबायला लागल्या. चेंडू उचलायचे, पुन्हा खेळ, पुन्हा चेंडू. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगनं सौदा गुंडाळला. एका हाताला दिलेला आदेश पुरला नाही, तिथं हजारो हातांना चेंडू घ्यावे लागले. ज्यांच्याकडं निम्मी अधिक एक मतं आहेत त्यांच्यावरही ही वेळ आली.

इंग्लंडात १८ एप्रिल २०२१ ला सहा मोठ्या क्लबांच्या मालकांनी, पाठीराख्यांना न विचारता, युरोपातल्या श्रीमंतांची वेगळी लीग काढतो म्हणून जाहीर केलं. लोक रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सहाही जण मागं फिरले. त्यावर खासदार ट्रेसी क्राउच यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. तोही खुर्चीपर्यंत गेला नाही. सावलीतलं एक मंडळ आणि काही गोष्टींवर नकार देणारा एक खास शेअर, एवढ्यावर थांबला. जुलै २०२५ मध्ये फुटबॉलचा कायदा झाला, सरकारपासून स्वतंत्र नियंत्रक आला. क्लबाचं चिन्ह आणि जर्सीचा रंग आता पाठीराख्यांच्या बहुमताशिवाय बदलता येत नाही. हे थोडं नव्हे. २०१२ साली कार्डिफच्या मालकानं निळ्या टीमला लाल कपडे घातले होते, निळा परत यायला २०१५ उजाडलं. बाकी गोष्टींत क्लबानं पाठीराख्यांचा सल्ला घ्यावा असं कायदा म्हणतो. मंडळावर जागा द्या असं त्यात नाही.

आता ज्यांनी जागा मागायची सोडून दिली त्यांचं सांगतो आणि थांबतो. विम्बल्डन. २८ मे २००२ ला फुटबॉल असोसिएशनच्या तीन जणांच्या आयोगानं दोन विरुद्ध एक मतानं निकाल दिला की मालकांना हा क्लब उचलून मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात नेता येईल. पाठीराख्यांनी काही आठवड्यांत नवा क्लब काढला, ए. एफ. सी. विम्बल्डन. माळावर पोरं बोलावली, ज्याला खेळता येतं त्यानं या, आणि त्यातनं टीम निवडली. मालकी ट्रस्टची. अगदी तळातल्या लीगमधनं चढत २०११ साली ते मोठ्या लीगमध्ये आले. मग आपल्या गल्लीत, प्लाउ लेनला, स्वतःचं मैदान बांधायला घेतलं. पैसा कमी पडला. मोठ्या पैसेवाल्याला आत घ्यायचं आणि मालकी सैल करायची, हा रस्ता समोर होता. त्याऐवजी २०२० च्या सुरुवातीला त्यांनी लोकांकडनं कर्जरोखे काढले आणि पन्नास लाख पौंडांच्या वर जमवले. ३ नोव्हेंबर २०२० ला तिथं पहिली मॅच झाली, डॉनकास्टरशी, २-२. करोनाची बंदी होती. ज्यांच्या पैशानं एकेक वीट बसली होती त्यातल्या कुणालाच आत जाता आलं नाही.